वाचकांचे प्रश्न : फौजी वडिलांची आठवण कशी लिहायची?

माजी सैनिकांच्या घरच्यांनी प्रश्न पाठवावेत असं मागच्या अंकात म्हटलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी एकाच जागी येऊन अडतात, की माणूस जन्मभर राबला, देशासाठी आणि घरासाठीही, पण त्याच्याबद्दल लिहायला बसलं की चार ओळींच्या पुढे काही सुचत नाही. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला देतेय.

प्रश्न : माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत हवालदार होते. एकाहत्तरच्या लढाईत होते एवढंच आम्हाला माहिती, त्यावर ते कधी बोललेच नाहीत. पेन्शनीत आल्यावर साखर कारखान्यावर रात्रपाळीला वॉचमन आणि दिवसा शेती असं वर्षानुवर्षं केलं आणि आम्हा चौघा भावंडांना शिकवलं. वर्षश्राद्धाला आम्ही छोटी स्मरणिका काढतोय. भाऊ म्हणतो "रणांगण गाजवणारे शूरवीर" अशी सुरुवात करू. मला ते वाचताना दुसऱ्याच कुणाचं वाचतेय असं होतं. पण मग लिहू काय? मला आठवतं ते एवढंच, की रविवारी सकाळी आम्हा सगळ्यांचे शाळेचे बूट ओट्यावर ओळीने मांडून आबा पॉलिश करत बसायचे.
(एक लेक, ता. खटाव, जि. सातारा)

उत्तर : ताई, सुरुवात त्या बुटांपासूनच करा. "एवढंच आठवतं" असं तुम्ही लिहिलंय पण तेच खरं भांडवल आहे. आता जरा डोळे मिटून आठवा, आबा बसायचे कसे, मांडी घालून की पाटावर, आधी फडक्याने धूळ काढायचे का, पॉलिश कोरडं करायचे की टोकाला पाण्याचा थेंब लावून बोटाला गुंडाळलेल्या कापडाने गोल गोल घासायचे? पाण्याची ती पद्धत फौजेतली, परेडच्या बुटांची. म्हणजे जो माणूस लढाईबद्दल एक शब्द बोलला नाही तो दर रविवारी तुमच्या बुटांवर आपली पलटणच उतरवत होता. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपायचं सोडून चार पोरांचे आठ बूट चमकवतो, हे नुसतं जसंच्या तसं लिहिलंत तरी वाचणाऱ्याला आबा कळतील, तिथे विशेषणं लागत नाहीत.

आता लढाईचं. ते बोलले नाहीत म्हणून काही सापडणारच नाही असं समजू नका. घरात त्यांची ट्रंक असेल, हिरवी नाहीतर काळी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव घातलेली. ती उघडा आणि आधी डिस्चार्ज बुक शोधा. त्यात भरतीची तारीख, सर्व्हिस नंबर, हुद्दा, केलेले कोर्स, मिळालेली मेडल्स आणि चारित्र्याचा शेरा हे सगळं असतं. बऱ्याच घरांत हे पुस्तक फक्त पेन्शनच्या कामाला बाहेर निघतं आणि परत कपाटात जातं, कुणी वाचतच नाही. तुम्ही सावकाश वाचा. "आर्मी सेकंड क्लास सर्टिफिकेट" अशी नोंद दिसली तर कळेल की गावात चौथी-सातवी करून गेलेला मुलगा तिकडे पलटणीत शिकून परीक्षा पास झालाय, आणि मग तुमच्या शिक्षणाचा त्यांनी एवढा ध्यास का घेतला तेही समजेल.

मग मेडल्स. मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन बघा. त्यात "पूर्वी स्टार" नावाचं मेडल असेल तर एकाहत्तरला ते पूर्वेकडच्या आघाडीवर होते, "पश्चिमी स्टार" म्हणजे पश्चिमेकडच्या. आणखी एक खूण म्हणजे जुनी पत्रं. फौजी पत्त्यात गाव नसतं, नुसतं "द्वारा ५६ एपीओ" किंवा "द्वारा ९९ एपीओ" असतं, एपीओ म्हणजे फौजेचं डाकघर. ५६ ची डाक दिल्लीहून फिरते, ९९ ची कलकत्त्याहून. आईने जपून ठेवलेल्या एखाद्या इनलँडवर ९९ दिसलं तर तेव्हा पलटण पूर्वेकडे होती हे नक्की.

पहिली मराठा ही फौजेतल्या सगळ्यात जुन्या पलटणींपैकी एक, १७६८ ची. एकाहत्तरला ती मेघालयाच्या बाजूने खाली उतरून कमालपूर, बक्षीगंज, जमालपूर या रस्त्याने ढाक्याकडे निघालेल्या ब्रिगेडमध्ये होती, आणि कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. जमालपूरला ब्रह्मपुत्रेच्या काठावर पाकिस्तानची ३१ बलूच पलटण ठाण मांडून बसलेली. आपल्या लोकांनी नदी ओलांडून शहराच्या मागून, दक्षिणेकडचा रस्ता अडवला. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या असं पत्र पाठवलं, ते एक वयस्कर स्थानिक गृहस्थ सायकलवरून घेऊन गेले, आणि पलीकडून लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांचं उत्तर आलं त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निघायचा त्यांचा प्रयत्न थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर आला. अंधारात, जवळून, रात्रभर ते चाललं आणि ११ ला सकाळी ठाणं पडलं. पलटणीला "जमालपूर" हा बॅटल ऑनर, म्हणजे त्या लढाईच्या नावाचा सन्मान मिळाला, ब्रार यांना वीर चक्र. १६ डिसेंबरला ढाका पडलं.

तुमच्या आबांच्या पुस्तकात आणि मेडलमध्ये हे जुळत असेल तर हा भाग स्मरणिकेत जरूर घाला, पण पलटणीची गोष्ट म्हणून घाला. "आबा त्या रात्री त्या मोर्च्यांमध्ये होते" हे कुणीतरी सोबतचा माणूस सांगत असेल तरच लिहा. असा माणूस मिळतो, खरंच मिळतो. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत विचारा, बेळगावला रेजिमेंटल सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस आहे तिकडे सर्व्हिस नंबर देऊन पत्र लिहा. आणि सातारा जिल्ह्यात काय, एका घरी विचारलं की चार घरं पुढची वाट दाखवतात. अपशिंगे मिलिटरी हे गाव तुम्हाला ठाऊक असेलच, पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जवान कामी आले, आजही तिथे घरटी फौजी आहे. पलटणीतले वयस्कर लोक भेटले तर त्यांना पराक्रम विचारू नका, गप्प होतात. तंबूत शेजारी कोण झोपायचं, नदी ओलांडताना पाणी कुठवर होतं, लंगरचं, म्हणजे फौजी भटारखान्याचं जेवण पोचायचं का, आमचे आबा चिडायचे का, असं विचारा. मग बघा कसे बोलतात.

भावाला समजून घ्या, त्यालाही अभिमानच वाटतोय. पण दोन शब्द मात्र टाळा. "शहीद" नको, आबा घरी वारले. आणि सगळ्या मेडल्सना "शौर्यपदक" म्हणू नका. उदाहरणार्थ स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला जे कुणी नोकरीत होते त्या सगळ्यांना मिळालंय, दीर्घ सेवेचं मेडल नोकरीच्या वर्षांवर मिळतं. परमवीर, महावीर, वीर चक्र, सेना मेडल ही वेगळी. ज्याने आयुष्यात खोटं बोलून एक रुपया घेतला नाही त्याच्या नावावर न मिळालेलं शौर्यपदक घालणं हा त्याचा मान नाही.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. आई. जवानाला वर्षाला दोन महिन्यांची सुट्टी धरली तरी पंधरा वर्षांच्या नोकरीत ते तीस महिने होतात, म्हणजे त्या पंधरा वर्षांतली अडीच वर्षंच आबा घरी होते, बाकीची सगळी वर्षं आई एकटी. पेरणी, विहिरीवरची भांडणं, सासू-सासऱ्यांची दुखणी, तुमची शाळा, सगळं तिच्या अंगावर, आणि महिन्याला एक मनीऑर्डर, तिच्या कुपनावर दोन ओळी लिहिण्यापुरती जागा. ती कुपनं तिने ठेवली असतील तर त्यातलं एक स्मरणिकेत जसंच्या तसं छापा, त्याच अक्षरात. आणि आईला बसवून विचारा, सुट्टी संपून आबा निघायचे त्या दिवशी घरात काय व्हायचं. आबांना घरासाठी झटणारा माणूस म्हणायचं तर त्या घराचा दुसरा खांबही त्या पानांवर दिसायला हवा.

प्रश्न : वडील सुभेदार होऊन निवृत्त झाले होते, घरीच वारले. अंत्ययात्रेत आम्हाला त्यांच्यावर तिरंगा घालायचा होता, गावातल्या एका जाणत्यांनी नको म्हणून सांगितलं आणि मोठा वाद झाला. चूक कोणाची?
(वाचक, जि. कोल्हापूर)

उत्तर : ते जाणते बरोबर होते. शासकीय इतमामात किंवा सैन्यदल, निमलष्करी दलाकडून होणाऱ्या अंत्यसंस्कारातच राष्ट्रध्वज पार्थिवावर घालता येतो, तोही केशरी बाजू डोक्याकडे ठेवून, आणि ध्वज चितेवर जाऊ द्यायचा नाही, आधी काढून घ्यायचा. घरच्यांनी आपल्या मनाने घातला तर राष्ट्रीय सन्मानाच्या १९७१ च्या कायद्यात ते बसत नाही. तुमच्या भावना मी समजू शकते, ज्याने आयुष्य त्या झेंड्याखाली काढलं त्याच्यावर तो असावा असं वाटणारच. पण त्याच माणसाने झेंड्याचे नियम सगळ्यात काटेकोर पाळले असते ना. त्याऐवजी रेजिमेंटची टोपी, मेडल्सचा फोटो, गावातल्या माजी सैनिकांनी रांगेत उभं राहून केलेला सॅल्यूट, हे सगळं करता येतं आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आता तेराव्याला वाद मिटवून टाका.

प्रश्न : आम्ही तिघे भाऊ. वडिलांची पाच मेडल्स आहेत, दोघा भावांचं म्हणणं वाटून घेऊ. मी काय करू? आणि आम्ही ती लावू शकतो का?
(वाचक, जि. अहिल्यानगर)

उत्तर : वाटू नका. शेत वाटता येतं, मेडल्सचा संच नाही. पाचही एका पट्टीवर ज्या क्रमाने लावली आहेत तो क्रम म्हणजे त्यांच्या नोकरीचा हिशोब आहे, एक सुटं केलं की बाकीच्यांचा अर्थ जातो. काचेच्या फ्रेममध्ये एकत्र ठेवा, खाली नाव, नंबर, हुद्दा, पलटण आणि प्रत्येक मेडल कशाचं ते लिहा, आणि आई जिथे राहते तिथे राहू द्या. बाकीच्या दोन घरी चांगले मोठे फोटो. लावायचं म्हणाल तर वारलेल्या सैनिकाची मेडल्स घरच्यांनी छातीच्या उजव्या बाजूला लावायची प्रथा आहे. डावी बाजू ज्याने कमावली त्याची. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, १४ जानेवारीचा माजी सैनिक दिवस अशा प्रसंगी लावा, लग्नाच्या वरातीत नको. आणि ब्रासो लावून घासू नका कृपा करून, कडेवरची नावं झिजतात.

प्रश्न : माझे आजोबा बॉम्बे सॅपर्समध्ये होते, खडकीला. रस्ते, पूल अशी कामं करायचे. मी त्यांच्यावर कॉलेजच्या अंकात लिहितोय तर मित्र म्हणतात, ते काय लढले थोडीच, त्यांच्यावर काय लिहिणार.
(विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तुझ्या मित्रांना रामा राघोबा राणे यांच्याबद्दल सांग. कारवारजवळच्या चेंडियेचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ ला नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं पाडून आडवी टाकलेली. ८ तारखेला काम सुरू झालं तोच मॉर्टरचा मारा आला, त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी, जखमींमध्ये राणे स्वतः. तरी सुरुंग काढायचे, अडथळे उडवायचे, वळणरस्ता काढायचा, परत पुढचा अडथळा, असं गोळीबारात ते चार दिवस चालू राहिलं आणि रणगाडे पुढे गेले. परमवीर चक्र मिळालं ते या कामासाठी. नंतरही ते नोकरी करत राहिले, संसार केला, १९६८ ला मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ ला पुण्यात वारले. २०२३ ला अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं.

रस्ता करणारा पुढे जातो तेव्हा त्याच्या पुढे कुणीच नसतं, एवढं मित्रांच्या लक्षात आलं तरी पुरे. ड्रायव्हर, लंगरचे कुक, सिग्नलवाले, क्लार्क, यांच्याही घरी हाच प्रश्न असतो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण बर्फातल्या चौकीला रसद पोचवणाऱ्या ड्रायव्हरने जे घाट पार केलेत ते आपण दिवसा, उन्हाळ्यात, रिकाम्या गाडीने करायला घाबरू. तू एक काम कर, आजोबांच्या डिस्चार्ज बुकात नाहीतर कागदपत्रांत जुलै १९६१ ला ते कुठे होते ते सापडतं का बघ. १२ जुलैला पानशेत फुटलं, त्याच्या आधी लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते, त्यामुळे धरणाने आणखी काही तास तग धरला. आजोबा तेव्हा खडकीत असतील तर घरात नाहीतर त्यांच्या सोबत्यांकडे त्या दिवसांची काही ना काही आठवण असणार. विचारून बघ.

प्रश्न : वडील दोन महिन्यांपूर्वी वारले. आईचं नाव फौजेच्या कागदात वेगळं आणि आधारवर वेगळं आहे, जन्मतारीखही जुळत नाही. वडिलांची पेन्शन अजून खात्यात येतेय, ती वापरली तर चालेल का?
(वाचक, जि. बीड)

उत्तर : नाही चालणार. मृत्यूनंतर आलेली पेन्शन काढू नका, ती परत भरावी लागते आणि तेव्हा एकदम भरताना जीव जातो. बँकेला आणि स्पर्श या फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर मृत्यूची नोंद आधी करा, गावातल्या सीएससी केंद्रातूनही होते. मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, आईचं आधार, पॅन आणि बँक पासबुक एकत्र ठेवा. नावाचा आणि तारखेचा घोळ रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्त होतो, त्यासाठी प्रतिज्ञापत्र वगैरे लागतं, ते कसं करायचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नीट सांगतात, अर्जही भरून देतात. एजंटला पैसे देऊ नका. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के बसते, आणि आईला ८० वर्षं पूर्ण झाली की त्यावर २० टक्के वाढ मिळते, म्हणून जन्मतारीख आत्ताच बरोबर करून घेणं गरजेचं आहे. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आईच्या नावाने चालू आहे का बघा. घरपट्टीची माफी माजी सैनिकाच्या पत्नीलाही असते, ग्रामपंचायतीत अर्ज द्या.

हे कागदाचं काम म्हणजे काही वेगळी गोष्ट नाही, वडिलांच्या माघारी आईला कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणूनच तर ती पेन्शन त्यांनी कमावली होती. तेव्हा स्मरणिका, फोटो, पुतळा सगळं नंतर, हे आधी.

प्रश्न : बाबा ८२ वर्षांचे आहेत, पासष्ट आणि एकाहत्तर दोन्ही लढाया बघितलेले. तब्येत बरी आहे. त्यांच्या आठवणी लिहून घ्यायच्या आहेत पण विचारलं की "काय सांगायचं त्यात" म्हणून विषय बदलतात.
(सून, ठाणे)

उत्तर : तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त आनंद झाला कारण तुमच्याकडे अजून वेळ आहे. लढाईपासून सुरुवात करू नका. भरती कुठे झाली, छाती कितीने कमी भरली, घरून पळून गेले की सांगून, पहिल्या पगारात कुणाला काय घेतलं, ट्रेनिंगचा उस्ताद कसा होता, इथून सुरू करा. भारताचा मोठा नकाशा समोर पसरा आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या, फौजी माणूस नकाशा बघितला की आपोआप बोट ठेवून बोलायला लागतो. संध्याकाळी बसा, नातवंडं असू द्या, मुलाला म्हणावं बाबांना मध्ये दुरुस्त करू नको, सन चुकला तर चुकू दे, नंतर डिस्चार्ज बुकात बघता येतं. कुठे थांबले, डोळे भरले, तर तिथे पुढचा प्रश्न विचारू नका, चहा करा. काही गोष्टी ते सांगणार नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे.

सासूबाई असतील तर त्यांनाही शेजारी बसवा, निम्म्या तारखा त्यांनाच आठवत असतात. फोनवर रेकॉर्ड करा पण आधी विचारून, लपवून नको. एका वेळी अर्धा तास पुरे. रेकॉर्डिंगला तारीख आणि विषय घालून दोन ठिकाणी ठेवा, एक घरातल्या कॉम्प्युटरवर आणि एक पेन ड्राइव्हवर, नुसतं फोनमध्ये ठेवू नका. जुने ग्रुप फोटो असतील तर मागच्या बाजूला प्रत्येकाचं नाव आणि गाव मऊ पेन्सिलीने लिहून घ्या, याच आठवड्यात. ते चेहरे ओळखणारा माणूस तुमच्या घरात एकच आहे.